लुप्त शब्दांचे अवशेष : इंग्रजीच्या शब्दसंग्रहातील काही विस्मृत शब्दांचा विचार

भाषेतून शब्द नाहीसा होतो म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न प्रथमदर्शनी कोशकाराच्या कक्षेतील वाटतो. प्रत्यक्षात तो वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे. जुन्या संहितेतील शब्द कळला नाही तर वाचक अडतो आणि कोश उघडतो. पण शब्द कळल्याचा भास झाला तर तो अडत नाही आणि चुकीच्या अर्थासह पुढे जातो. शब्दलोपाच्या विविध प्रक्रिया ध्यानात घेतल्याखेरीज या दोन परिस्थितींमधील भेद स्पष्ट होत नाही. सुमारे बारा-तेरा शतकांचा लिखित पुरावा असलेली इंग्रजी भाषा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. प्रस्तुत लेखात तिच्या इतिहासातील काही लुप्त शब्दांच्या आधारे या प्रक्रियांची मांडणी केली आहे.

१. कोशातील मृत शब्दांचे स्थान

१८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी तत्कालीन इंग्रजी कोशांतील उणिवांवर दोन निबंध वाचले. अप्रचलित शब्दांची नोंद अपुरी आहे, ही त्यांनी दाखविलेली पहिली उणीव होती. कोशकार हा भाषेचा इतिहासकार आहे, शब्दांच्या योग्यायोग्यतेचा न्यायाधीश नव्हे, ही त्यांची भूमिका होती. या विचारातून जो प्रकल्प उभा राहिला त्याचा पहिला खंडांश १८८४ मध्ये व अखेरचा १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. हाच ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ हा कोश होय. त्यात अप्रचलित शब्दापूर्वी खंजिराचे चिन्ह घालण्याची पद्धत आहे. शब्द मृत झाला तरी तो कोशाबाहेर जात नाही, हे तत्त्व या चिन्हामुळे प्रस्थापित झाले.

तथापि या तत्त्वालाही एक मर्यादा आहे. ११५० पूर्वीच वापरातून गेलेले शब्द या कोशात घेतलेले नाहीत. म्हणजे प्राचीन इंग्रजीचा बराच मोठा शब्दसंग्रह खंजिराच्या चिन्हासही पात्र ठरला नाही. आल्बर्ट बॉ यांनी आपल्या इंग्रजी भाषेच्या इतिहासात (१९३५) प्राचीन इंग्रजी कोशातील सुमारे ८५ टक्के शब्द आज वापरात नाहीत, असा अंदाज दिला आहे. हा आकडा कोशातील नोंदींचा आहे, प्रत्यक्ष वापराचा नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सर्वनामे, शब्दयोगी अव्यये, नित्याची क्रियापदे, शरीराचे अवयव यांचे शब्द मोठ्या प्रमाणावर टिकले. गेले ते प्रामुख्याने कायदा, युद्ध, धर्म, काव्य आणि सामाजिक संबंध या क्षेत्रांतील. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर ही क्षेत्रे फ्रेंच बोलणाऱ्या वर्गाच्या हाती गेली, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

२. विस्थापन : नातेवाचक शब्दांचे उदाहरण

मराठी भाषकाला इंग्रजीतील ‘अंकल’ व ‘आंट’ हे शब्द नेहमीच अपुरे वाटत आले आहेत. काका व मामा, आत्या व मावशी हे भेद इंग्रजीला ठाऊकच नाहीत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्राचीन इंग्रजीच्या बाबतीत ती खरी नाही. त्या भाषेत वडिलांच्या भावाला ‘फॅडेरा’, आईच्या भावाला ‘एआम’, वडिलांच्या बहिणीला ‘फाथू’ आणि आईच्या बहिणीला ‘मोद्रिये’ असे चार स्वतंत्र शब्द होते. बहिणीचा मुलगा व भावाचा मुलगा यांच्यासाठीही वेगळे सामासिक शब्द होते. या व्यवस्थेच्या जागी मध्ययुगीन इंग्रजीत फ्रेंचमधून दोनच शब्द आले. त्यातील ‘अंकल’ हा मूळ लॅटिनमधील मामावाचक शब्दापासून, तर ‘आंट’ हा आत्यावाचक शब्दापासून निघालेला आहे. लॅटिनमध्येही चार नात्यांना चार शब्द होते. म्हणजे हा भेद आधी फ्रेंचमध्ये पुसला गेला आणि तो पुसलेल्या स्थितीतच इंग्रजीने स्वीकारला.

हे विस्थापन एका दिवसात घडले नाही. चॉसरच्या ‘ट्रॉइलस अँड क्रिसीड’ या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काव्यात क्रिसीड ही पँडारसला कधी जुन्या शब्दाने, तर कधी ‘अंकल’ या नव्या शब्दाने संबोधते. दोन्ही शब्द काही काळ शेजारी शेजारी नांदले. पुढे जुना शब्द स्कॉटलंडमध्ये व उत्तरेच्या बोलींत ‘ईम’ या रूपाने रेंगाळला. ‘ईम्स’ या आडनावातही त्याचा अवशेष आहे.

या एका शब्दाच्या विस्मृतीचा वाङ्मयीन परिणाम लहान नाही. मामा-भाचे हे नाते जर्मानिक समाजात विशेष महत्त्वाचे मानले जाई. बहिणीचा मुलगा हा मामाला पित्याइतकाच प्रिय असतो, असे टॅसिटसने ‘जर्मानिया’ या ग्रंथात नोंदविले आहे. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्याचा नायक हा राजा ह्युगेलाकच्या बहिणीचा मुलगा आहे. ‘मॉल्डनची लढाई’ या काव्यात सेनापती ब्युर्‌ख्टनॉथ याच्यासोबत पडणारा वुल्फमॅर हाही त्याचा भाचाच. ‘बेओवुल्फ’मधील फिन्सबर्गच्या उपकथेत हिल्डेबुर्ख ही राणी आपला भाऊ हनॅफ याच्या चितेवर आपल्या मुलाचे शव ठेवण्यास सांगते. एकमेव हस्तलिखितात या ठिकाणी ‘एआर्मे’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘दीन, दुर्दैवी’ असा करता येतो. होल्टहाउसेन या जर्मन अभ्यासकाने एक अक्षर वगळून तेथे ‘एआमे’ असा पाठ सुचविला आणि तो अनेक संपादकांनी स्वीकारला. या पाठानुसार मुलाचे शव मामाच्या खांद्याशी ठेवले जाते. माहेर व सासर यांच्यातील वैरात भाऊ आणि मुलगा एकाच वेळी गमावलेल्या स्त्रीचे दुःख त्या एका नातेवाचक शब्दाने मूर्त होते. पाठशुद्धी ग्राह्य धरावी की नाही हा मतभेदाचा विषय राहील. परंतु लुप्त शब्द ज्ञात असल्याखेरीज तो मतभेदही संभवत नाही.

अर्थात शब्द गेला म्हणून नाते गेले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. आजचा इंग्रजी भाषकही ‘आईचा भाऊ’ असे म्हणू शकतो. फरक इतकाच की, पूर्वी भाषा हा भेद व्यक्त करण्यास भाग पाडत असे. आता तो वक्त्याच्या इच्छेवर सोपविला आहे.

३. छंदाबरोबर गेलेले शब्द

काही शब्दांचा लोप परकीय शब्दांच्या आक्रमणाने नव्हे, तर काव्यरचनेची पद्धती बदलल्याने झाला. प्राचीन इंग्रजी काव्याचा आधार यमक नसून अनुप्रास होता. ओळीतील प्रमुख आघातयुक्त शब्द एकाच ध्वनीने सुरू व्हावेत, असा दंडक असल्यामुळे कवीला ‘वीर’, ‘युद्ध’, ‘समुद्र’ अशा वारंवार येणाऱ्या कल्पनांसाठी निरनिराळ्या आद्यध्वनींचे पर्याय हाताशी लागत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायव्य मिडलँड्सच्या बोलीत रचल्या गेलेल्या ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या काव्यात ‘पुरुष’ या अर्थी ‘फ्रेक’, ‘गोम’, ‘रेंक’, ‘सेग’, ‘ट्युल्क’, ‘हाथेल’ असे अनेक शब्द येतात. त्याच काळात लंडनमध्ये चॉसर यमकबद्ध रचना करीत होता. त्याला या शब्दभांडाराची गरज नव्हती. पुढे लंडनची भाषा प्रमाण ठरली, अनुप्रासी काव्य मागे पडले आणि ही पर्यायमालिकाही निरुपयोगी झाली.

यातील ‘गोम’ हा शब्द मात्र वेगळ्या रूपाने टिकून आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘गुमा’ म्हणजे पुरुष. वधूचा पुरुष तो ‘ब्रूदगुमा’. सुटा शब्द नाहीसा झाल्यावर या समासाचे उत्तरपद दुर्बोध झाले आणि सोळाव्या शतकात लोकांनी तेथे ‘ग्रूम’ म्हणजे ‘मुलगा, सेवक’ हा परिचित शब्द बसविला. आजचा ‘ब्राइडग्रूम’ हा या लोकव्युत्पत्तीचा परिणाम आहे. ‘वेर’ म्हणजे पुरुष, हा शब्द ‘वेअरवुल्फ’ या समासात उरला; ‘हेरे’ म्हणजे सैन्य, हा शब्द फ्रेंच ‘आर्मी’पुढे हटला, पण ‘हेरफर्ड’ या स्थलनामात व ‘हार्बर’ या शब्दात त्याचा अंश आहे. समास, स्थलनामे व आडनावे ही लुप्त शब्दांची आश्रयस्थाने होत.

४. विद्वानांचे शब्द आणि लोकांचा निर्णय

सोळाव्या शतकात इंग्रजीचे दारिद्र्य दूर करण्यासाठी लॅटिनमधून शेकडो शब्द आणले गेले. विरोधकांनी त्यांना ‘दौतीतले शब्द’ म्हणून हिणविले. टॉमस विल्सनने ‘आर्ट ऑफ ऱ्हेटरिक’ (१५५३) या ग्रंथात अशा शब्दांनी भरलेले एक उपहासात्मक पत्रच दिले आहे. आज ते पत्र वाचताना दिसते की, त्याने थट्टेसाठी वेचलेल्या शब्दांपैकी ‘सेलिब्रेट’, ‘डेक्स्टेरिटी’ यांसारखे काही पुढे सर्वमान्य झाले, तर ‘ऑब्टेस्टेट’सारखे मेले. ‘इम्पीड’ टिकला, पण त्याचे प्रतिरूप ‘एक्सपीड’ सर्वसाधारण इंग्रजीतून गेले. ‘कमिट’ व ‘ट्रान्समिट’ रुळले, पण पाठवून देणे या अर्थाचा ‘डिमिट’ रुळला नाही.

शुद्धिवाद्यांचे यशही याहून अधिक नव्हते. सर जॉन चीक यांनी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या आपल्या भाषांतरात ‘ल्युनॅटिक’ऐवजी ‘मून्ड’, ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’ असे देशी शब्द घडविले. एकोणिसाव्या शतकात डॉर्सेटचे कवी विल्यम बार्न्स यांनी व्याकरणाला ‘स्पीचक्राफ्ट’ म्हणावे असे सुचविले. हे शब्द पारदर्शक होते, तरी ते भाषेत शिरले नाहीत. आयात शब्द आणि देशी शब्द यांपैकी कोणताही पक्ष केवळ तत्त्वाच्या बळावर जिंकला नाही. शब्दाला ग्रंथांचा, शिक्षणाचा व व्यवहाराचा आधार मिळतो की नाही, यावरच त्याचे आयुष्य ठरले.

पुनरुज्जीवनाचा मार्गही सरळ नसतो. चॉसरच्या एका रचनेत ‘करण्याचे धाडस करणे’ या अर्थाचे साधे क्रियापदयुक्त पदबंध होते. लिडगेटने त्याचे अनुकरण केले. पुढे मुद्रणात त्याचे रूप बिघडले. स्पेन्सरने ते ‘शौर्य’ या अर्थाचे नाम समजून वापरले आणि वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीतून ते लोकप्रिय केले. आजचा ‘डेरिंग-डू’ हा शब्द असा गैरसमजातून जन्मलेला आहे. मृत शब्दाला परत आणणारा कवी बहुधा नवाच शब्द निर्माण करतो, असे यावरून म्हणता येईल.

५. अर्धलुप्त शब्द

पूर्णतः लुप्त शब्दापेक्षा अभ्यासकाला अधिक सावध राहावे लागते ते रूप टिकलेल्या पण अर्थ गमावलेल्या शब्दाबाबत. ‘डिअर’ म्हणजे पूर्वी कोणताही पशू. आज फक्त हरिण. संस्कृतातील ‘मृग’ या शब्दाचा प्रवास अगदी असाच आहे. त्याचा व्यापक अर्थ ‘मृगेंद्र’ व ‘मृगया’ या शब्दांत शिल्लक आहे. ‘मीट’ म्हणजे अन्न. तो अर्थ ‘स्वीटमीट’मध्ये उरला. ‘स्टार्व्ह’ म्हणजे मरणे, ‘सिली’ म्हणजे मूळचा धन्य किंवा भाग्यवान.

सर्वांत उद्बोधक उदाहरण ‘लेट’ या क्रियापदाचे आहे. प्राचीन इंग्रजीत ‘लॅटान’ म्हणजे करू देणे आणि ‘लेट्टान’ म्हणजे अडविणे, अशी दोन भिन्न क्रियापदे होती. ध्वनिपरिवर्तनाने ती एकरूप झाली आणि परस्परविरुद्ध अर्थांचा एकच उच्चार उरला. यातील ‘अडविणे’ हा अर्थ कालांतराने मागे पडला. शेक्सपिअरचा हॅम्लेट पित्याच्या पिशाचामागे जाताना आपल्याला अडविणाऱ्याला ठार करण्याची धमकी देतो, तेव्हा तो हेच जुने क्रियापद वापरतो. आधुनिक अर्थ घेतल्यास जाऊ देणाऱ्यालाच तो मारू पाहतो, असा उलटा बोध होतो. हा लुप्त अर्थ भारतीय वाचकाच्याही हाती आहे : भारतीय पारपत्रावरील इंग्रजी विनंतीत धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे असे सांगताना ‘लेट’ हा शब्द अडथळा याच अर्थी ‘हिंड्रन्स’च्या जोडीने येतो. कायद्याच्या ठरीव भाषेने त्याला जपले आहे.

सी. एस. लुइस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) या ग्रंथात वाचकाच्या मनात सहज उमटणाऱ्या आधुनिक अर्थाला ‘धोकादायक अर्थ’ असे नाव दिले आहे. जुन्या संहितेत हा अर्थ बसतोसा वाटतो, म्हणूनच तो धोकादायक होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, शब्दलोप ही एकच घटना नसून विस्थापन, वाङ्मयप्रकाराचा ऱ्हास, समाजमान्यतेचा अभाव, ध्वनिसाम्य आणि अर्थांतर अशा भिन्न प्रक्रियांचे ते सामान्य नाव आहे. प्रत्येक प्रक्रियेचा अवशेष वेगळ्या ठिकाणी सापडतो : बोलीत, आडनावात, समासात, कायद्याच्या वाक्यप्रयोगात. प्राचीन मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून त्याच्या हाती एक कालमर्यादित कोश आहे. परंतु अपरिचित शब्दासाठी कोश उघडणे हे अभ्यासाचे अर्धेच काम होय. परिचित वाटणाऱ्या शब्दाविषयी शंका घेऊन तो उघडणे, हे उरलेले व अधिक कठीण काम आहे.