वाकलेला कणा आणि गांजाचा उतारा

स्कोलिओसिसमध्ये पाठीचा कणा एका बाजूला झुकतो आणि पिळवटतोही. एक्स-रेवर हा बाक किमान 10 अंश भरला की निदान होते. प्रौढपणी स्नायू आखडतात, मणक्यांचे सांधे झिजतात, कधी नस दबते आणि पोळ्या लाटायला ओट्याशी उभे राहणेही नकोसे होते. अशा माणसाने गांजाकडे आशेने पाहिले, तर त्याला व्यसनी ठरवणे अन्यायाचे आहे. गांजातले टीएचसी मेंदू आणि मज्जारज्जूतल्या पेशींवर काम करून वेदनेचा संदेश मंदावते. बाक मात्र तसूभरही कमी होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी 2017 मध्ये जुनाट वेदनेवर गांजाच्या उपयोगाला भरीव पुरावा असल्याचे म्हटले. 2021 मध्ये वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने पुरावा अपुरा म्हणून पाठिंबा नाकारला. बरेचसे प्रयोग नसांच्या दुखण्यावरचे आहेत, त्यामुळे दबलेल्या नसेच्या कळांना थोडा उतार पडेलही, पण आखडलेल्या स्नायूंबाबत मी तसे म्हणणार नाही. अफूजन्य गोळ्यांच्या अतिमात्रेने श्वास थांबू शकतो, त्यापेक्षा गांजा बरा, हा युक्तिवाद वजनदार आहे. भांग तर आपल्याकडे पूर्वापार चालत आली, हा मात्र लंगडा. घोटलेल्या भांगेत टीएचसी किती, हे कोणालाच ठाऊक नसते आणि चक्कर येऊन तोल गेला तर पाठीचे दुखणे वाढते. शिवाय 1985च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा आहे. झाडाची नुसती पाने गांजाच्या व्याख्येबाहेर असल्याने त्यांची आयुर्वेदिक औषधे परवान्याने बनतात. तीही डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि फिजिओथेरपी सोडू नका.