वायुप्रवाहमापकाविना ट्रक-एंजिनाचे समायोजन

पेट्रोल-एंजिनात इंधन किती सोडावे, हा प्रश्न वस्तुतः हवा किती आत आली या प्रश्नाचेच दुसरे रूप होय. एक ग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवेच्या मानाने इंधन कमी पडले की मिश्रण विरल होते, अधिक झाले की समृद्ध. कार्ब्युरेटरमध्ये हे प्रमाण हवेच्या ओघानेच राखले जाई. विद्युत्-नियंत्रित इंजेक्टर आल्यापासून मात्र नियंत्रकास हवेचे वस्तुमान आधी ठाऊक असावे लागते. ते जाणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, हवा प्रत्यक्ष मोजण्याचा. दुसरा, इतर राशींवरून तिचे गणित करण्याचा. पहिला मार्ग सोडून एंजिन केवळ दुसऱ्यावर चालवावयाचे झाल्यास काय करावे लागते आणि त्यात धोका कोठे असतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

येथे ट्रक या शब्दाचा अर्थ आधी स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे ट्रक म्हटले की डीझेलवर चालणारे अवजड मालवाहू वाहन डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत हाच शब्द, मागे उघडा हौदा असलेल्या, बहुधा पेट्रोलवर चालणाऱ्या पिकप गाडीसही लावतात. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या प्रकारच्या वाहनाचे आहे. जनरल मोटर्सच्या सिल्व्हराडो ट्रकांत १९९९ च्या प्रतिरूपापासून आलेले आठ सिलिंडरांचे ५.३ लिटर एंजिन हे त्याचे सोयीचे उदाहरण होय.

प्रत्यक्ष मापनासाठी हवेच्या मार्गात एक तप्त तार बसविलेली असते. तिचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ठराविक अंशांनी अधिक राखले जाते. हवा जितकी अधिक वाहील तितकी तारेतील उष्णता अधिक हरण होते आणि तापमान टिकविण्यास अधिक विद्युत्‌प्रवाह द्यावा लागतो. या उष्णताहरणाचा नियम एल. व्ही. किंग यांनी १९१४ मध्ये मांडला. तारेकडून मिळणारा संकेत हवेच्या वस्तुमानाचाच असल्याने दाब व तापमान यांची स्वतंत्र दुरुस्ती बहुतांशी करावी लागत नाही.

दुसऱ्या मार्गात आदर्श वायूचे समीकरण उपयोगी पडते. एका आवर्तनात सिलिंडरमध्ये येणाऱ्या हवेचे वस्तुमान पुढीलप्रमाणे लिहिता येते :

वस्तुमान = घनफळीय कार्यक्षमता × मॅनिफोल्डमधील निरपेक्ष दाब × सिलिंडरचे घनफळ ÷ (हवेचा वायुस्थिरांक × निरपेक्ष तापमान)

उपरिनिर्दिष्ट एंजिनाच्या एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ०.६६६ लिटर आहे. मॅनिफोल्डमधील दाब ५० किलोपास्कल, हवेचे तापमान ३०० केल्विन आणि घनफळीय कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास हवेचे वस्तुमान ०.२७१ ग्रॅम येते व तिला सुमारे १८.४ मिलिग्रॅम पेट्रोल लागते. दाब व तापमान यांसाठी स्वतंत्र संवेदक असतात आणि घनफळ ठाऊक असते. उरते ती घनफळीय कार्यक्षमता. सिलिंडर आपल्या क्षमतेच्या मानाने किती भरतो, हे सांगणारी ही राशी एंजिनाची गती, मॅनिफोल्डमधील दाब, झडपा उघडण्याच्या वेळा, नळ्यांची लांबी, निष्कास-मार्गातील अडथळा या सर्वांवर अवलंबून असते. कोणताही संवेदक ती मोजीत नाही. गती व दाब यांच्या जोड्यांनुसार ती एका कोष्टकात भरून नियंत्रकाच्या स्मृतीत ठेवलेली असते.

यांपैकी कोणताही मार्ग स्वभावतः हीन नाही. बॉशची डी-जेट्रॉनिक ही पद्धती १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या मोटारींत आली, ती दाबावरच आधारलेली होती. त्यानंतरच्या एल-जेट्रॉनिकने प्रवाहमापनाचा अवलंब केला. जनरल मोटर्सने कमॅरो मोटारीच्या इंजेक्टरयुक्त आठ-सिलिंडरी एंजिनांवर १९८५ ते १९८९ या काळात प्रवाहमापक वापरला, १९९० मध्ये तो काढून दाबाचे गणित स्वीकारले आणि १९९४ मध्ये पुन्हा प्रवाहमापक बसविला. वर उल्लेखिलेल्या ट्रकांत तर दोन्ही साधने आहेत. सर्वसाधारणपणे मिनिटास ४००० फेऱ्यांपर्यंत नियंत्रक दोहोंचा मेळ घालतो. त्यापुढे तो प्रवाहमापकावरच विसंबतो.

असे असता मापक काढण्याचे प्रयोजन काय ? झडपा दीर्घकाळ एकत्र उघड्या ठेवणारा कॅमशाफ्ट बसविल्यास मंद गतीत हवेचे हेलकावे उलट दिशेने तारेपर्यंत पोहोचतात आणि तीच हवा पुन्हा मोजली जाते. टर्बोचार्जर बसविल्यास हवेचे प्रमाण मापकाच्या कमाल मर्यादेबाहेर जाऊ शकते. मापकाच्या पुढील नळीत गळती झाली तर मोजलेली हवा व आत गेलेली हवा यांत तफावत पडते. दाबाच्या गणितास या अडचणी त्या स्वरूपात बाधत नाहीत.

मात्र मापकाची तार नुसती सोडवून ठेवणे म्हणजे समायोजन नव्हे. तसे केल्यास नियंत्रक दोष नोंदवितो आणि आपत्कालीन व्यवस्थेवर जातो. पुष्कळ गाड्यांत हवेच्या तापमानाचा संवेदकही मापकाच्याच घरात बसविलेला असतो; तो निराळा बसवावा लागतो. टर्बोचार्जर असल्यास वातावरणाहून अधिक दाब वाचू शकणारा दाबसंवेदकही हवा.

यानंतर कोष्टक भरण्याचे मुख्य काम येते. त्यापूर्वी इंजेक्टरांची प्रवाहक्षमता व इंधनाचा दाब यांचे आकडे खात्रीचे करून घ्यावयाचे असतात. निष्कास-नळीत विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन-संवेदक बसवितात, कारण मूळचा संवेदक मिश्रण विरल की समृद्ध एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. नियंत्रकाची आपोआप होणारी दुरुस्ती तात्पुरती बंद करून गाडी स्थिर गतीने व स्थिर भाराने चालवितात आणि प्रत्येक रकान्यात अपेक्षित व प्रत्यक्ष मिश्रणाचे गुणोत्तर नोंदवितात. मिश्रण अपेक्षेपेक्षा ६ टक्के विरल आढळले, तर त्या रकान्यातील ७० हा आकडा १.०६ ने गुणून ७४.२ करतात. थ्रॉटल एकाएकी उघडल्याच्या वा इंधन तोडल्याच्या क्षणीच्या नोंदी वगळतात. ही क्रिया तफावत नगण्य होईपर्यंत पुनःपुन्हा करावी लागते.

या रीतीत एक गोष्ट सहज नजरेआड होते. ऑक्सिजन-संवेदक केवळ अंतिम तफावत दाखवितो. तिचे कारण दाखवीत नाही. इंजेक्टरचा आकडा चुकीचा असो, संवेदकाआधी निष्कास-नळीतून बाहेरची हवा शिरत असो, वा पेट्रोलमध्ये अल्कोहोलचे प्रमाण बदललेले असो, प्रत्येक चूक घनफळीय कार्यक्षमतेच्या नावाने कोष्टकात जमा होते. त्या दिवशी एंजिन सुरळीत चालते. पुढे परिस्थिती बदलली की तीच चूक उलट बाजूने प्रकट होते. तापमानाचे उदाहरण बोलके आहे. उभ्या गाडीच्या तापलेल्या एंजिनाजवळ संवेदक ३३० केल्विन दाखवीत असेल आणि आत येणारी हवा प्रत्यक्षात ३०० केल्विनची असेल, तर गणित हवा सुमारे ९ टक्क्यांनी कमी धरते आणि मिश्रण विरल होते.

हलक्या भारावर अशी चूक फारशी घातक नसते, कारण तेथे नियंत्रक मूळच्या ऑक्सिजन-संवेदकाच्या आधारे इंधन सुधारून घेतो. पूर्ण भारावर मात्र तो ही दुरुस्ती सोडून कोष्टकाप्रमाणेच इंधन देतो. तेथे सुमारे १२.८ हे प्रमाण अभिप्रेत असता १० टक्क्यांच्या चुकीने ते १४.१ होते. समृद्ध मिश्रणामुळे मिळणारा थंडावा नाहीसा होतो, एंजिन नॉक करू लागते आणि ओझे ओढीत चढण चढणाऱ्या ट्रकाचा पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते. म्हणजे जेथे चूक सर्वांत महाग पडते, नेमकी तेथेच ती सुधारणारी यंत्रणा थांबलेली असते.

निष्कासावरील परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तिहेरी उत्प्रेरक मिश्रणाचे प्रमाण आदर्शाच्या निकट असतानाच नीट काम करतो; म्हणून उत्सर्जन-नियंत्रणाची साधने निकामी करण्यास अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्ट या कायद्याने मनाई केलेली आहे. अशा समायोजनाचे क्षेत्र त्यामुळे मुख्यतः शर्यतीच्या व प्रायोगिक वाहनांपुरते मर्यादित राहते.

सारांश, प्रवाहमापक काढल्याने एंजिनातील एक मापन नाहीसे होते व त्याची जागा पूर्वी केलेल्या मापनांची स्मृती घेते. ती स्मृती ज्या कॅमशाफ्टची, ज्या निष्कास-नळीची व ज्या इंधनाची असेल, त्यांच्यापुरतीच खरी असते. यांपैकी काहीही बदलल्यास नियंत्रकास ते कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून कोष्टक ज्या परिस्थितीत भरले तिची नोंद त्यासोबत ठेवणे, भिन्न तापमानाच्या दिवशी ते पुन्हा पडताळणे आणि पूर्ण भाराच्या रकान्यांत मिश्रण किंचित समृद्ध बाजूस राखणे, ही तीन पथ्ये या पद्धतीचा अविभाज्य भाग मानली पाहिजेत.