सायकलीची मराठी : काही निरीक्षणे

गतवर्षीच्या मार्गशीर्षात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी विभागात सायकलीवरून येण्यास आरंभ केला. एवढ्या घटनेला संशोधन-पत्रिकेत स्थान असण्याचे कारण नाही, आणि त्या प्रवासाचे वर्णन करावे असा प्रस्तुत लेखकाचा हेतूही नाही. परंतु सायकल रोजच्या वापरात आली की तिच्याबरोबर दुरुस्तीचे दुकानही नित्याचे होते. आणि त्या दुकानात जे शब्द कानी पडले त्यांनी माझ्या एका जुन्या मताला, तसेच त्या मतावर विसंबून मी एकदा केलेल्या एका दुरुस्तीला, धक्का दिला. ती दुरुस्ती चुकीची होती. ती का चुकीची होती हे सांगणे मला कर्तव्य वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याने एम. ए. च्या प्रबंधिकेसाठी आपल्या तालुक्याच्या गावातील कारागिरांचे शब्द गोळा केले होते. सायकल-दुरुस्तीच्या प्रकरणात त्याने चाकाच्या काड्यांसाठी ‘तारा’ हा शब्द नोंदविला होता. मी तो तांबड्या शाईने खोडून ‘आरे’ असा प्रमाण शब्द वर लिहिला. त्याच पानावर ‘कुत्री’ असा एक शब्द होता. त्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढले आणि समासात ‘आधार काय?’ असे विचारले. विद्यार्थी विनयशील होता. त्याने दोन्ही नोंदी निमूटपणे गाळल्या.

‘कुत्री’ या शब्दाचा आधार मला सेनापती बापट रस्त्याच्या चढावर मिळाला. कर्वेनगरहून गणेशखिंडीकडे येताना विधी महाविद्यालयाच्या रस्त्यापर्यंत फारसे श्रम पडत नाहीत. पुढे मात्र टेकडीच्या कुशीने जाणारा चढ लागतो आणि नवशिक्याची परीक्षा तेथे होते. सायकल सुरू करून तीन आठवडे झाले असतील. चढाच्या मध्यावर एकाएकी पायडले हलकी झाली. पाय फिरत होते, साखळी फिरत होती, पण चाक काही केल्या पुढे जाईना. सायकल ढकलीत ढकलीत एका दुकानापाशी नेली. दुकान म्हणजे पदपथाच्या कडेला एक लाकडी पेटी, पाण्याचे घमेले आणि झाडाला टांगलेले जुने टायर. तेथील वृद्ध कारागिराने मागचे चाक उचलले, पायडल एकदा पुढे व एकदा मागे फिरवून पाहिले आणि म्हटले, “कुत्री गेली, साहेब.”

येथे यंत्राची थोडी माहिती देणे अवश्य आहे, कारण तिच्यावाचून शब्दाचे औचित्य कळणार नाही. मागच्या चाकाच्या तुंब्यावर जे दातेरी चक्र बसविलेले असते त्यास कारागीर ‘फ्रीव्हील’ असेच म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. बाहेरचे कडे साखळीने फिरते; आतला गाभा चाकाशी पक्का जोडलेला असतो. गाभ्यात पोलादाचे लहान खटके बसविलेले असून बारीक स्प्रिंगच्या जोराने ते बाहेर डोकावतात. कड्याच्या आतल्या बाजूस तिरपे दाते असतात. आपण पायडल पुढे रेटले की दाते त्या खटक्यांना अडतात आणि चाक फिरते. आपण पाय थांबविले की खटके दात्यांवरून घसरत जातात. उतारावर जो टकटक असा आवाज ऐकू येतो तो त्यांचाच. हे खटके म्हणजे ‘कुत्री’. ती दात धरतात, सोडतात, आणि मोकळी सुटली की आवाज करतात. माती व घट्ट झालेले तेल यांमुळे ती वर उठेनाशी झाली तर माझी झाली तशी गत होते. इंग्रजीतही यंत्राच्या अशा पकडणाऱ्या भागास कुत्र्याचे नाव आहे. तेव्हा हा शब्द मराठी व हिंदी कारागिरांना स्वतंत्रपणे सुचला की कारखान्यातील इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर आहे, हा प्रश्न खुला ठेवावा लागतो. पहिली शक्यता मला अधिक ग्राह्य वाटते, कारण याच कारागिरांनी पुढच्या चाकाला धरणाऱ्या दुबेळक्यास ‘चिमटा’ आणि आतील पोलादी गोळ्यांस ‘छर्रे’ म्हटले आहे, व तेथे इंग्रजी नावांची छाया मुळीच दिसत नाही. आकार वा कार्य पाहून घरातल्या शब्दाला नवे काम देणे ही त्यांची रीतच होय.

‘तारा’ या शब्दाचा निकाल लागण्यास आणखी महिनाभर लागला. खड्ड्यात आदळून पुढचे चाक वाकडे फिरू लागले होते. कारागीर त्याला ‘चाक आउट झाले’ असे म्हणतो, आणि ते सरळ करणे म्हणजे ‘आउट काढणे’. (इंग्रजी क्रियाविशेषणाचे मराठीत नाम होऊन त्याला ‘काढणे’ हे क्रियापद मिळाले, ही गोष्ट स्वतंत्र टिपणाचा विषय व्हावी.) त्याने चाक उलटे टांगले, एका लहान चावीने काही तारा आवळल्या, काही सैल केल्या, आणि मधून मधून बोटाने तार छेडून आवाज ऐकला. सतार जुळविणाराही याहून निराळे काही करीत नाही. तेव्हा मला उमगले की बैलगाडीचा आरा आणि सायकलीची तार या दोन वस्तू केवळ दिसावयास सारख्या आहेत. आरा लाकडाचा, गाडीचे ओझे तो दाब सोसून उचलतो. सायकलीची तार इतकी बारीक असते की तिच्यावर दाब येताच ती वाकेल. ती अगोदरच ताणून बसविलेली असते आणि चाकाचे सारे बळ त्या ताणात असते. जुन्या धाटणीच्या सायकलीत पुढे 32 व मागे 40 तारा मिळून माणसाचे ओझे पेलतात ते केवळ याच युक्तीने. ताणलेल्या धातूच्या सूत्रास मराठीत तारच म्हणतात. कारागिराचा शब्द वस्तूचे कार्य सांगतो. माझा ‘प्रमाण’ शब्द केवळ तिचे चित्र सांगत होता. विद्यार्थ्याने बरोबर लिहिले होते.

आता ज्या मताचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळतो. मी वर्गात अनेक वर्षे असे सांगत आलो की परभाषेतून आलेला शब्द आपल्या वर्णव्यवस्थेच्या चाळणीतून जातो आणि त्याचे रूप प्रायः त्यानेच ठरते. हे पुष्कळ ठिकाणी खरे आहे. ‘पंक्चर’चे ‘पंचर’ होते, ‘व्हॉल्व्ह-ट्यूब’ची ‘व्हॉलट्यूब’ होते. जोडाक्षरांचा भार हलका करण्याची ही नित्याची प्रवृत्ती आहे. परंतु ‘पायडल’ या शब्दाचे काय करावयाचे? मराठीस ‘पे’ उच्चारणे जड जात नाही. ‘पेन’चे आपण ‘पायन’ केले नाही, ‘चेन’ची ‘चायन’ केली नाही. ‘पेडल’मध्ये मात्र बोलणाराला आपला ‘पाय’ दिसला आणि शब्दाने तेथेच बैठक मारली. ही लोकव्युत्पत्ती होय. ‘ओव्हरहॉलिंग’चे ‘ओव्हरऑइलिंग’ याच न्यायाने झाले. सर्व भाग सुटे करून, धुऊन, तेल-वंगण घालून पुन्हा जोडावयाचे, तर त्या नावात तेल असावयासच हवे. चिकटविण्याच्या ‘सोल्यूशन’ला ‘सुलोचन’ म्हणणारे एक गृहस्थही मला भेटले. तेथे मात्र अर्थ जुळत नाही; केवळ ओळखीचा ध्वनी पुरेसा झाला आहे.

‘पायडल’च्या बाबतीत एक गंमत अशी की ही खोटी व्युत्पत्ती मुळात खरी आहे. इंग्रजी शब्द लॅटिनमधील पायाच्या नावावरून आलेला. ते नाव आणि संस्कृत ‘पाद’ ही एकाच मूळ भारत-युरोपीय धातूची अपत्ये. आणि ‘पाद’ वरूनच प्राकृतमार्गे आपला ‘पाय’. हजारो वर्षे दुरावलेले दोन नातलग पंक्चरच्या दुकानात एकमेकांस भेटले, आणि त्यांची ओळख पटविणाऱ्याला त्यांचे नाते ठाऊक नव्हते. ‘सायकल’ आणि ‘चाक’ यांचेही तसेच. ग्रीक ‘क्युक्लोस’ व संस्कृत ‘चक्र’ हे सगोत्र शब्द आहेत. मात्र येथे लोकांनी काही जुळविले नाही, कारण ध्वनी फार दूर गेले होते. लोकव्युत्पत्तीस इतिहास लागत नाही, सादृश्य लागते, याचे याहून सोयीचे उदाहरण वर्गात देण्यास मला मिळालेले नाही.

नामांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. मराठी माणूस सायकल ‘चालवितो’, तशीच ‘मारतो’ही. दोहोंत भेद आहे. ‘मला सायकल चालविता येते’ हे वाक्य सहज वाटते. ‘मला सायकल मारता येते’ हे कोणी म्हणत नाही. उलट ‘रोज सात किलोमीटर सायकल मारतो’ यात जे कष्ट आहेत ते ‘चालवितो’ यात नाहीत. म्हणजे एक क्रियापद कौशल्याचे, दुसरे श्रमाचे. पायडल, पंप, ब्रेक, सारेच मारावयाचे. ‘उडी मारणे’, ‘हाक मारणे’, ‘मिठी मारणे’ यांत ‘मारणे’चा मूळ अर्थ झिजून एका झटक्यात केलेली कृती एवढाच उरला आहे, आणि सायकलीच्या क्रिया त्यात चपखल बसतात.

सायकलीवर ‘टांग मारून’ बसतात आणि घाई असेल तर ती ‘दामटतात’. हे दोन्ही प्रयोग घोडेस्वाराच्या भाषेतले आहेत. विभक्ति-प्रत्ययही तीच साक्ष देतात. आपण बसने जातो, आगगाडीने जातो. पण घोड्यावरून जातो, आणि सायकलीवरूनही. ‘सायकलने’ असे ऐकू येते, नाही असे नाही. तथापि ‘बसवरून आलो’ असे कधीच ऐकू येत नाही. ज्याच्या पोटात बसावयाचे ते वाहन एका वर्गातले, ज्याच्या पाठीवर बसावयाचे ते दुसऱ्या. सायकलीचे अवयव लोहाराच्या शाळेतून व इंग्रजीतून आले, पण तिच्यावर बसण्याची भाषा तबेल्यातून आली. लगाम व रिकीब मात्र आले नाहीत. हँडल हे हँडलच राहिले.

वस्तूच्या नावाचा इतिहासही थोडा पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्राशी सायकलीचा संबंध फार जुना. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभच 1888 साली बेळगावातील सायकलींच्या दुकानाने झाला, आणि डनलॉपचा हवेचा टायरही त्याच वर्षीचा. त्या पिढीने ‘पायगाडी’ हा उत्तम मराठी शब्द योजून पाहिला; तो टिकला नाही. ‘दुचाकी’ टिकली, परंतु तिने धनी बदलला. आजच्या वर्तमानपत्रात ‘दुचाकीस्वार’ म्हणजे स्कूटर वा मोटारसायकल चालविणारा. दोन चाकांच्या मूळ गाडीस त्या शब्दात आता जागा नाही. रस्त्यावर जे झाले तेच शब्दात झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. मी जेव्हा सहकाऱ्यांस ‘दुचाकीने येतो’ असे सांगितले तेव्हा त्यांनी पेट्रोलच्या भावाविषयी सहानुभूती दर्शविली.

सामान्यरूपाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘भिंत–भिंतीवर’ या वळणाने ‘सायकल–सायकलीवर’ हे रूप सिद्ध होते आणि या टिपणात मी तेच वापरले आहे. दुकानात मात्र ‘सायकलवर’, ‘सायकलला’ हेच सर्रास चालते. परकी म्हणून तिचे सामान्यरूप होत नाही, असे म्हणावे तर अनेकवचन ‘सायकली’ असे निरपवादपणे होते. म्हणजे वचनापुरती ती मराठी झाली, विभक्तीपुरती अर्धवट राहिली. ‘चेन’, ‘ट्यूब’, ‘रिम’ या स्त्रीलिंगी शब्दांची रूपे वयोगटानुसार तपासून पाहिल्यास काही उलगडा होईल. एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हाती घ्यावे अशी इच्छा आहे.

मात्र ते लवकर घ्यावे. माझ्या वाटेवर पहिल्या महिन्यात मी दुरुस्तीची चार दुकाने हेरून ठेवली होती; त्यांपैकी एक दिवाळीनंतर बंद झाले. जी नवी दुकाने निघाली आहेत ती गिअरच्या महाग सायकलींची आहेत, आणि तेथील तरुण कामगार सुट्या भागांची नावे वेष्टनावर छापलेली असतात तशीच घेतात. त्यांचे काही चुकते असे नाही. पण त्यांना ‘कुत्री’ माहीत नाहीत. वृद्ध कारागिरास मी विचारले की हे शब्द तुम्हांस कोणी शिकविले. तो म्हणाला, “शिकवलं कुणी नाही. उस्ताद मागायचे, आपण द्यायचं. चुकीचं दिलं तर कळायचंच.” 

त्या विद्यार्थ्याची प्रबंधिका विभागाच्या ग्रंथालयात आहे. गाळलेल्या दोन नोंदी मी माझ्या हस्ताक्षरात एका चिठ्ठीवर लिहून, खाली दिनांक व स्वाक्षरी करून, ती त्या पानावर चिकटविली आहे. विद्यार्थी आता सोलापूरकडे एका महाविद्यालयात शिकवितो. त्याला पत्राने कळविले. उत्तरात त्याने आणखी अकरा शब्द पाठविले आहेत. त्यांपैकी चार मी येथील दुकानात विचारून पाहिले, आणि दोन कोणालाच ठाऊक नव्हते.