पुतळा कुणाचा बसला?

खते-बियाण्यांची माहिती देणारा माणूस आज गुन्हेगाराची गोष्ट कशी काय सांगतो, असे तुम्हाला वाटेल. पण पारावर बसलेली पोरे मोबाइलमध्ये बघून चार्ल्स शोभराजचे नाव ज्या कौतुकाने घेतात, ते ऐकवत नाही. केवढा हुशार म्हणे! तिहारमधून पळाला!

ही हुशारी आपण जरा सुपात घेऊन पाखडू.

शोभराज १९४४ साली सायगावला जन्मला. बाप भारतीय, आई व्हिएतनामी. थायलंड, नेपाळ, भारत या देशांत हिंडायला आलेल्या परदेशी तरुणांशी तो ओळख काढी, कुणाला राहायला जागा देई, पोट बिघडले तर औषध देई. औषधातच गुंगी असे. मग पैसे आणि पासपोर्ट लांबवायचे. किती जण जिवाला मुकले याचा नक्की हिशेब नाही. १९७५ मधले दोन खून नेपाळच्या न्यायालयांत सिद्ध झाले. कांद्याची पट्टी खिशात घालून घरी निघालेल्या शेतकऱ्याला एस.टी. स्टँडवर गोड बोलून चहा पाजणारा भामटा दुसरे काय करतो? त्याच्यावर मात्र कुणी सिनेमा काढत नाही.

वर्तमानपत्रांनी शोभराजला ‘बिकिनी किलर’ म्हटले. का, तर ज्या खुनांचा आरोप त्याच्यावर होता, त्यांतल्या एका मुलीच्या प्रेतावर पोहण्याचा पोशाख होता. पोशाख लोकांच्या लक्षात राहिला. ती पोर कुणाची, कुठली, हे तुमच्यापैकी कुणी कधी ऐकले आहे का? पुढे पुस्तके निघाली, २०१५ मध्ये हिंदी चित्रपट आला, २०२१ मध्ये मालिका आली. १९९७ मध्ये सुटून पॅरिसला गेल्यावर हा गृहस्थ मुलाखतींचेही पैसे घेऊ लागला.

आता फजितीचा भाग ऐका, तो कुणी रंगवून सांगत नाही. १९७६ मध्ये दिल्लीच्या एका हॉटेलात त्याने फ्रेंच विद्यार्थ्यांच्या जथ्याला गोळ्या दिल्या. अंदाज चुकला. पोरे तिथेच धडाधड कोसळू लागली आणि शुद्धीवर असलेल्यांनी त्यालाच धरले. मार्च १९८६ मध्ये पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून निसटला खरा, पण तीनच आठवड्यांत गोव्यात पर्वरीच्या एका उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला पकडले. याच झेंड्यांनी १९७१ मध्येही त्याला मुंबईत अटक केली होती! आणि त्या उपाहारगृहात पुढे पुतळा बसला तो शोभराजचा. २००३ मध्ये तर नेपाळात खटला बाकी असताना तो आपल्या पायाने काठमांडूला गेला. एका पत्रकाराने ओळखले, आणि डिसेंबर २०२२ पर्यंत तुरुंगात बसावे लागले.

त्याचा माग काढणारा खरा चिवट माणूस म्हणजे बँकॉकच्या डच वकिलातीतला तरुण अधिकारी हर्मन क्निपेनबर्ग. हॉलंडमधले एक जोडपे बेपत्ता झाले, घरच्यांची पत्रे आली, तेवढ्यावरून तो कामाला लागला. पोलीस लक्ष देईनात, तरी याने कागद जमवणे सोडले नाही.

झेंड्यांवर मात्र २०२५ मध्ये ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा हिंदी चित्रपट आला आहे. मनोज बाजपेयी त्यात आहेत. थोडी थट्टामस्करी फार आहे, पण पोरांच्या हातात मोबाइल असतोच, तर एकदा हा लावून द्या.