जुने घड्याळ आणि खोल पाणी

देवळा, कळवण, सटाणा या पट्ट्यात पोहणे म्हणजे आजही प्रामुख्याने विहिरीतले पोहणे. उन्हाळ्यात ज्या मळ्यातल्या विहिरीला पाणी टिकले असेल, तिच्या काठावर कपड्यांचे ढीग पडतात आणि त्या कपड्यांत गुंडाळून ठेवलेली असतात मनगटावरची घड्याळे. पाणी आणि घड्याळ यांची सोयरीक नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेले आहे. आता मात्र कांदा-डाळिंबाच्या व्यापारानिमित्त दुबईला जाणारे किंवा परदेशात नोकरी करणाऱ्या मुलांकडे महिना-दोन महिने राहून येणारे लोक तालुक्याच्या गावांतही आहेत. अशा प्रवाशासाठी बनवलेले, दोन देशांची वेळ दाखवणारे नामांकित स्विस घड्याळ नव्याने घेणे परवडत नाही, किंवा पैसे असूनही दुकानात ते लगेच मिळत नाही, म्हणून वापरलेले घेण्याकडे कल वाढतो. तबकडीवर ‘१०० मीटर’ असे छापलेले असते. मग प्रश्न पडतो, हे घालून विहिरीत उडी मारता येईल काय?

नव्या घड्याळाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे: येईल. वापरलेल्या घड्याळाच्या बाबतीत तबकडीवरचा आकडा हा कारखान्यातून बाहेर पडतानाचा दाखला असतो. घड्याळाची आजची प्रकृती त्यावरून कळत नाही.

या जातीच्या घड्याळांचा मूळपुरुष म्हणजे १९५५ साली बाजारात आलेले रोलेक्सचे ‘जीएमटी-मास्टर’. अटलांटिक ओलांडणाऱ्या पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीच्या वैमानिकांना घरची आणि मुक्कामाची वेळ एकाच वेळी दिसावी, हा त्यामागचा हेतू होता. नेहमीच्या काट्यांखेरीज चोवीस तासांत एकच फेरी पूर्ण करणारा आणखी एक काटा आणि काचेभोवती चोवीस तासांचे फिरते कडे, एवढीच मूळ कल्पना. पुढे अनेक कंपन्यांनी ती उचलली.

भारतीय ग्राहकाला दुकानदार सहसा सांगत नाहीत अशी एक अडचण येथे आहे. या जादा काट्याने दाखवलेल्या वेळेतला फरक सहसा पूर्ण तासांच्या टप्प्यांनीच लावता येतो. आपली प्रमाणवेळ मात्र ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. मिनिट काटा दोन्ही वेळांना एकच असल्यामुळे लंडनची किंवा दुबईची वेळ वाचताना अर्ध्या तासाचा हिशेब मनातच करावा लागतो. दुबई आपल्या दीड तास मागे; घड्याळ एक तास दाखवणार, उरलेला अर्धा आपण वजा करायचा. (मुंबईने तर १९०६ नंतरही कित्येक वर्षे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेगळी वेळ जपली होती. त्या वेळेपुढे या काट्याने हातच टेकले असते.)

पाण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. रोलेक्सने १९२६ साली ‘ऑयस्टर’ नावाची बंदिस्त पेटी आणली. झाकण आटे फिरवून बसवायचे आणि चावीही आट्यांवर घट्ट करायची. मर्सिडीज ग्लाइट्झ या तरुणीने ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. तसे करणारी ती पहिली ब्रिटिश महिला. तिच्या पराक्रमावर शंका घेतली गेली, म्हणून त्याच महिन्यात ती पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी सोबत ऑयस्टर होते. गारठलेल्या पाण्यात दहा तासांहून अधिक काळ काढल्यावर तिला बाहेर काढावे लागले. खाडी पार झाली नाही, घड्याळ मात्र चालू राहिले, आणि कंपनीने लंडनच्या ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. जाहिरातबाजीच्या इतिहासात हा प्रसंग अजूनही सांगितला जातो. फक्त घड्याळ तिच्या मनगटावर नव्हे, तर गळ्यात होते, हा तपशील बहुधा गाळला जातो.

आता १०० मीटरचा अर्थ. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे हे घड्याळ दहा वातावरणांचा दाब सोसण्याच्या बेताने बनवलेले आहे. ‘पोहताना हात मारल्याने दाब कित्येक पटींनी वाढतो’ असा समज सर्वत्र आहे, पण हिशेब तसे सांगत नाही. सेकंदाला पाच मीटर या वेगाने हात पाण्यातून फिरवला, तरी त्यामुळे पडणारा जादा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका असतो. विहिरीच्या काठावरून पाच मीटर खाली उडी मारली, तर पाण्याला भिडताना वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास जातो आणि त्या वेगाचा दाब पाच मीटर खोलीइतका भरतो. मनगट सपाट आपटले तर त्या क्षणी तो अधिक होईल, इतकेच. धडधाकट घड्याळाला हे जड नाही. तरीही ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ हात धुण्यापुरते आणि ‘१०० मीटर’चे पोहण्यासाठी, असे जाणकार सांगतात. रबर जुने होत जाते, त्यासाठी ठेवलेली ती सवलत आहे.

खरा प्रश्न आहे तो याच रबराचा. मागचे झाकण, काच आणि चावी या तिन्ही ठिकाणी रबराची किंवा प्लास्टिकची बारीक कडी पाणी अडवतात. घाम, साबण, तरणतलावातले क्लोरीन आणि नुसता काळ यांमुळे ती कडक होतात, चपटतात. प्रवासी घड्याळात चावीचे दुखणे विशेष. साध्या स्वयंचलित घड्याळाची चावी महिनोन्‌महिने उघडली जात नाही. प्रवाशाची मात्र प्रत्येक विमानतळावर उघडते, फिरते, पुन्हा बंद होते. आटे झिजतात, आतली कडी घासतात. शिवाय मुक्कामी पोचल्यावर वेळ लावून चावी पुरती न आवळताच हॉटेलच्या तलावात उतरणे, हा अपघात या घड्याळांच्या बाबतीत सहज घडणारा आहे. त्यात आधीच्या मालकाने पेटीला वारंवार पॉलिश करवले असेल तर धातू पातळ होतो, आणि भलत्या हत्यारांनी झाकण उघडले असेल तर कडी नीट बसलेली नसतात. काचेतून यातले काहीही दिसत नाही.

म्हणून सौदा पुरा होण्याआधी दाबचाचणी मागावी. तिचा कोरडा प्रकार आधी होतो: घड्याळ हवेच्या दाबाखाली ठेवून पेटी किती दबते आणि दबलेली राहते की नाही, हे यंत्र मोजते. हवा आत शिरत असेल तर घड्याळ तेथेच नापास. ओल्या प्रकारात दाबाखालचे घड्याळ पाण्यात बुडवून दाब सोडतात. आत हवा गेली असेल तर बुडबुडे बाहेर येतात. तिसरी युक्ती त्याहून साधी आहे. घड्याळ सुमारे ४५ अंशांपर्यंत कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. काचेच्या आतून धुके धरले तर ओल आधीच आत आहे. ही साधने सगळ्याच घड्याळजींकडे नसतात, त्यामुळे देवळ्याच्या ग्राहकाला नाशिक किंवा मुंबई गाठावी लागेल. लाखांच्या व्यवहारात ती खेप महाग नाही.

फार जुन्या घड्याळांची गोष्ट वेगळी. १९६०-७० च्या दशकांतले घड्याळ चाचणीत उत्तीर्ण झाले तरी पाण्यापासून दूरच ठेवावे. त्याची मूळ तबकडी डागाळली तर किंमतच घसरते. अशा घड्याळांच्या काट्यांवर बहुधा ट्रिटियमयुक्त रंग असे, आणि ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षांचे. पन्नास वर्षांपूर्वीचे म्हणून विकले जाणारे घड्याळ अंधारात लख्ख उजळत असेल, तर ते काटे नंतर रंगवलेले किंवा बदललेले आहेत असे समजावे.

कागदपत्रांत क्रमांक पेटीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे पाहणे आलेच. पण डबा आणि कार्ड यांचीही नक्कल होते, त्यामुळे जाणकाराकडून झाकण उघडून आतले मशीन पाहिल्याशिवाय खात्री मानू नये. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये वापरलेली घड्याळे स्वतः तपासून, दोन वर्षांच्या हमीसह अधिकृत विक्रेत्यांमार्फत देण्याची योजना सुरू केली. ती घड्याळे महाग पडतात, पण पोहायचेच असेल तर त्या हमीला अर्थ आहे. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने बंदी आहे. दहा लाखांहून महाग मनगटी घड्याळावर मोठ्या विक्रेत्याने खरेदीदाराकडून एक टक्का प्राप्तिकर गोळा करण्याची तरतूद २२ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. म्हणून पक्के बिल घ्यावेच. ‘दुबईचा भाचा मनगटावर घालून आणील’ ही वाट मात्र धोक्याची आहे. मौल्यवान घड्याळ वापरलेले आहे एवढ्यावरून करमुक्त ठरत नाही, आणि जाहीर न करता आणल्यास सीमाशुल्क खाते ते जप्त करू शकते.

घड्याळ हाती आल्यावर दर वर्षी दाबचाचणी करवावी, कातडी पट्टा काढून रबरी किंवा धातूचा घालावा, पाण्यात असताना चावीला हात लावू नये. गरम पाण्याचे स्नान किंवा वाफ टाळावी, कारण धातू, काच आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. विहिरीच्या पाण्यातला बारीक गाळ चावीच्या फटीत आणि कड्याखाली बसतो, म्हणून बाहेर येताच चावी बंद असल्याची खात्री करून स्वच्छ पाण्याने घड्याळ धुवावे. इतके करूनही काचेच्या आत धुके दिसलेच, तर ते तांदळाच्या डब्यात किंवा उन्हात ठेवून वाळण्याची वाट पाहू नये. धुके विरते, ओल मात्र आतच राहते आणि पोलादी सुटे भाग थोड्याच दिवसांत गंजू लागतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने नाशिक गाठून ते उघडून घ्यावे.