उन्हाळ्याची तहान आणि मुंग्यांची साक्ष

मधुमेहातल्या पावलांच्या बधिरपणाचा विषय या आठवड्यात घ्यायचा ठरला होता. तो पुढे ढकलला आहे. मागच्या लेखांकात ‘सारखी तहान आणि वारंवार लघवी’ ही जोडी आली आणि सोलापुरात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका वाचकाने थेट विचारले, “एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं तहान कुणाला लागत नाही? मग काय अख्ख्या गावानं शुगर तपासायची?”

प्रश्न बिनतोड आहे. पुस्तकांतली लक्षणांची यादी थंड हवेच्या देशांत तयार झालेली. तिथे माणूस तासातासाला पाणी मागू लागला की घरचे चमकतात. सोलापुरात पारा 42-43 अंशांवर असताना, पत्र्याच्या शेडमध्ये पाळी करणारा कामगार तांब्यामागून तांब्या रिचवतो आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. मधुमेहाचे सगळ्यात ठळक लक्षण इथे चार महिने उन्हाच्या नावावर जमा होते.

पण दोन्ही तहानांत फरक आहे, आणि तो लघवीत दिसतो. घामावाटे पाणी गेले की शरीर काटकसर सुरू करते; मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. मधुमेहात ही काटकसर जमत नाही. रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. उरलेली साखर लघवीतून निघते आणि जाताना पाणी ओढून नेते. त्यामुळे अंगात पाणी कमी असूनही लघवी भरपूर होत राहते, तीही फिकट. उन्हाची तहान सावलीत, रात्रीच्या गारव्यात शमते. ही शमत नाही. गच्चीवर झोपलेला माणूस रात्रीतून तीनदा उठतो, दर वेळी भरपूर लघवी करतो आणि परत येताना पाणी पिऊन येतो. पन्नाशीनंतर पुरुषांना प्रोस्टेटमुळेही उठावे लागते, पण तिथे बहुधा थोडी थोडी होते, अडखळत होते.

त्यात हा साखर कारखान्यांचा जिल्हा. तहान लागली की रसवंती जवळच असते. साखर वाढल्याने लागलेली तहान उसाच्या रसाने भागवायची, म्हणजे साखर आणखी वाढणार आणि तहानही.

आता मुंग्यांकडे वळू या, कारण हा विषय टाळवत नाही. ‘लघवीला मुंग्या लागल्या की समजायचे’ ही घराघरांतली परीक्षा अडाणी नव्हे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वलक्षणांतच मुंग्यांचा उल्लेख आहे. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी 1776 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत रुग्णाची लघवी आटवली, तेव्हा तळाशी साखरेसारखा गोड पदार्थ उरला. मुंग्यांना जे कळत होते ते त्यांनी भांड्यात धरून दाखवले. त्यांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे: रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रवही गोड होता. दुखणे लघवीपुरते नाही, रक्तात आहे, याचा तो पुरावा.

तरीही मुंग्यांवर विसंबणे धोक्याचे. चरकांनी ज्याला पूर्वलक्षण म्हटले ते रक्ततपासणीच्या हिशेबाने फार उशिराचे आहे. उपाशीपोटी 126 ला मधुमेह ठरतो आणि मुंग्यांना खाऊ मिळायला साखर 180 च्या पुढे जावी लागते. या मधल्या पट्ट्यात माणूस वर्षानुवर्षे राहू शकतो, डोळ्यांचे पडदे आणि मूत्रपिंडे झिजत राहतात आणि मुंग्या येतीलच असे नाही. उलटही घडते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढतात. त्या घेणाऱ्याची रक्तातली साखर ताब्यात असतानाही मुंग्या रांग लावतात. घाबरून गोळी बंद करू नये.

“आमच्यात कुणी जाड नाही” हे उत्तरही पुरेसे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंची-वजनाच्या गणिताने दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी, अशी आपली ठेवण. वजनकाट्याने धीर दिला तरी कमरेला टेप लावून पाहावी: पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि बायकांत 80 च्या पुढे गेली तर तपासणी करून घेतलेली बरी.

तर त्या वाचकाला उत्तर: होय, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने तपासावे, तहान असो वा नसो. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीच्या पुढच्यांची ही प्राथमिक तपासणी होते. मात्र बोटाला सुई टोचून यंत्रावर आलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. आंबा खाऊन न धुतलेल्या बोटानेही तो फुगतो. निदानाला शिरेतले रक्त लागते. आठ तास उपाशी राहून 126 किंवा अधिक, 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 200 किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी या रक्ततपासणीत 6.5 टक्के वा त्याहून जास्त. लक्षणे नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात. लोह कमी असल्याने पंडुरोग झालेल्या बाईची एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकते, तेव्हा डॉक्टरांना हिमोग्लोबिनही सांगावे. आणि उपाशी म्हणजे निर्जळी नव्हे. साधे पाणी चालते. सोलापूरच्या उन्हात तहानेने व्याकूळ होऊन लॅबमध्ये बसण्याची गरज नाही.

लहान मुलाच्या बाबतीत मात्र उपाशी राहून तपासणीची वाट पाहू नये. सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली, मूल झपाट्याने वाळले, सारखे पाणी मागू लागले, तर त्याच दिवशी साखर तपासावी. त्यात उलट्या, पोटदुखी किंवा खोल, जलद श्वास असेल तर रात्र असली तरी थेट सिव्हिल किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. अशा मुलाला इन्सुलिन तासांच्या हिशेबात लागते.