गोलकीपर बदलायचा? आधी हा हिशेब मांडा

फँटसी प्रीमियर लीगमध्ये कीपरने सलग दोन सामन्यांत गोल खाल्ले की त्याला काढायला हात शिवशिवतात. पण थांबा! क्लीन शीटचे गुण ४. फ्री ट्रान्सफर संपली असेल तर जादा बदलाला कापले जातात तेही ४. नव्या कीपरने क्लीन शीट राखली, तरी तो फायदा दंडातच जातो.

दर ३ सेव्हला १ गुण मिळतो. म्हणजे तळाच्या संघाचा कीपर २ गोल खाऊन १ गुण गमावतो, पण ६ सेव्ह करून २ कमावतो.

एखाद्या सामन्याला तुमचा कीपर मुकला, तर बाकावरचा कीपर खेळत असल्यास आपोआप आत येतो. दुखापत लांबली किंवा संघातली जागाच गेली, तरच बदला. एरवी ट्रान्सफर स्ट्रायकरसाठी राखा.